दावा

कंपनीचा निरोप रात्री पावणेबाराला आला,
मी भांडी आटोपून हात पुसत होते.
तुमच्या व्हिडिओत आमच्या मालकीचं गाणं सापडलं आहे,
शून्य मिनिटं चौदा सेकंदांपासून
दोन मिनिटं नऊ सेकंदांपर्यंत.

व्हिडिओ म्हणजे काय, तर धाकट्या प्रल्हादची वरात.
उदगीर, देगलूर रोड, पेट्रोलपंपाच्या जरा अलीकडे.
घोडा जनरेटरला बुजतोय,
थोरल्या मेव्हण्यानं दातात वीसची नोट धरलीय
आणि ती कुणाला द्यायची ते विसरून तो नाचतोच आहे.
गाणं मी लावलं नव्हतं.
मरिबामामा वाजवत होते, क्लॅरनेटवर,
बँडच्या मागच्या ओळीत, कडेला.
कंपनीला घोडा दिसला नाही, मेव्हणा दिसला नाही,
तिला नेमकी तेवढी चाल ऐकू गेली.

खाली तीन बटणं.
आवाज काढून टाका.
गाणं बदला.
वाद घाला.
वाद घालायला आमच्याकडे कधी बटण लागलं नाही,
तरी अंगठा थबकला.
आवाज काढून पाहिला.
माणसं मुक्यानं उड्या मारायला लागली की
वरात कुठली आणि भांडण कुठलं, कळत नाही.
मग फुकटच्या यादीतलं एक लावलं,
गिटार, शिट्टी, समुद्राच्या लाटा.
उदगिरात समुद्र!
घोड्याचे पाय भलतंच काही बोलत राहिले.

सकाळी मामांकडे गेले.
ओट्यावर बसून ते क्लॅरनेटच्या चावीला
सायकलच्या ट्यूबचं रबर बांधत होते.
दिवाळीनंतर पुढचे दोन दात गेले,
तेव्हापासून मालक म्हणतो,
मामा, तुम्ही नुसतं तोंडाला लावून चाला,
गाणं कोणतं तेच लोकांना कळंना झालंय.

मी सांगत बसले, मालकी, दावा,
यंत्र कसं ऐकतं, कसं जुळवून बघतं.
मामांनी दाढेत धरून गाठ ओढली.
"माणूस ऐकूलालाय का मशीन?"
मशीन, मामा.
"आन् त्येला कुणी सांगितलं नव्हतं, गाणं कोणतं हाय?"
नाही.
"निसतं ऐकून?"
निसतं ऐकून.
त्यांनी क्लॅरनेट मांडीवर आडवं ठेवलं,
घराच्या आतल्या अंधाराकडं वळले
आणि ओरडले,
"आगं ए सरूबाई, ऐकलीस का?
वळखलं की त्येनं!"

मग चहा झाला.
चहात सांगितलं, हे गाणं उभ्यानं शिकलो,
सतराव्या वर्षी, फाट्यावरच्या हाटेलात.
रेडिओ आत, आमी भायेर.
कप आमचा येगळा, खिळ्याला टांगलेला,
गाणं तेवढं समद्याला येकच.
"चोरलं न्हाई बाई.
मला बगून हाटेलवाला
जरा मोठ्यानं लावायचा."

'वाद घाला' दाबलं की एक रिकामी चौकट येते,
कारण लिहा म्हणते.
मामा सांगत गेले, मी लिहीत गेले.
गाणं तुमचंच हाय, आमचं काई म्हणणं न्हाई.
अर्धा सूर खाली वाजिवलंय,
वरची चावी हवा सोडती, त्येचा राग धरू नका.
आन् मदीच थांबलो
ते इसरलो म्हणून न्हवं,
दम लागला व्हता.

पाठवण्याआधी मी तो भाग पुन्हा पाहिला.
दोन मिनिटं नऊ सेकंद. क्लॅरनेट खाली येतं.
पुढं एकवीस सेकंद नुसता जनरेटर,
घोडा फुरफुरतो,
कुणीतरी म्हणतं, मामाला पाणी द्या रे,
गर्दीतून कुणाची तरी अर्धी प्यालेली बाटली पुढं येते
आणि मामा तिला तोंड लावून पितात.
एवढ्या भागावर
अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.