बुराईच्या पात्रात

चिमठाण्याच्या पुढे डांबर संपलं
आणि लीलाधरनं ओम्नी सरळ नदीत घातली.
नदी म्हणजे वाळू.
पाणी मार्चातच गेलेलं.
"नदीचं नाव बुराई? तिनं काय केलं?"
मागच्या सीटवरून हर्षू,
मांडीत कलिंगड, पायांत पाण्याचा जार.

तंबू धुळ्याहून, भाड्याचा.
खुंट्या वाळूत ठरेनात.
एक दोर गाडीच्या हुकाला,
एक बाभळीला,
तिसऱ्यावर सासरे स्वतः बसले,
डोक्यावर ओला टॉवेल:
"मी हालत नही, तुम्ही जेवा."
कळण्याची भाकरी, ठेचा,
आणि दाताखाली करकर.

दिवस कलता पलीकडून ठेलारी उतरले.
मेंढ्या, मेंढ्या, मग घोडं.
घोड्यावर खाट, पातेली, पाय बांधलेल्या कोंबड्या,
सगळ्याच्या वर झोळीत बाळ, झोपलेलं.
आमचा चहा उकळायच्या आत
त्यांचं पाल उभं.

हर्षू फोड घेऊन गेली. विचारलं,
"तुमची किती दिवसांची सुट्टी?"
बाईनं आधी बिया थुंकल्या.
"दिवाळीपास्नं," म्हणाली.
मग इकडे आली,
सासऱ्यांच्या खालचा दोर ओढून
दगडाला गुंडाळला,
दगड कोपरभर वाळूत पुरला.
"निजा बाबा आता."

बाबा निजले नाहीत.
दोनदा बॅटरी मारून दगड बघून आले,
जागचा हलला नव्हता.

मीही जागीच.
पलीकडे बाळ रडलं, गप्प झालं.
पाठीखाली वाळू अजून गरम,
कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.