खुर्ची लागते

खरं सांगते, मी गेले ते हीटरसाठी.
नारीनला त्या दिवशी उणे एकवीस होतं
आणि संस्कृती-भवनात सभा असली की हीटर लावतात.
शेजारच्या अनारकुलकडे एक तिकीट उरलं होतं;
तिचा नवरा म्हणाला, लोकांचे विचार ऐकायला कोण पैसे मोजतं,
आणि लोकर मोजायला निघून गेला.

मंचावर लाल मखमल, एका कडेनं उंदरांनी खाल्लेली.
थर्माकोलच्या अक्षरांत लिहिलं होतं: उद्या.
पहिलं अक्षर सारखं पडायचं.
एक पोरगा चिकटपट्टी घेऊन वाकत यायचा,
ते लावून वाकतच परत जायचा.
प्रत्येकाला बारा मिनिटं. समोर लाल आकड्यांचं घड्याळ, उलटं धावणारं.

पहिला आला तो बिश्केकचा, पातळ बुटांतला.
'भविष्य' हा शब्द तो एकोणीस वेळा म्हणाला.
मी मोजले. पाणीखात्यात तीस वर्षं हिशेब लिहिले,
मोजणं आता खोडच झाली आहे.

मग उरमात, धनगराचा मुलगा, मिसरूडही धड न फुटलेला.
त्यानं दोन हिवाळे मेंढ्यांचं खोकणं फोनमध्ये भरून ठेवलं होतं:
हे साधं पडसं, हे धुळीनं,
आणि हे ऐका, हे फुप्फुसातलं, ही मेंढी आठवड्यात गेली.
भोंग्यांतून तीनशे मेंढ्या खोकल्या
आणि मागच्या रांगेत म्हाताऱ्यांनाही उबळ आली.
सगळे हसले. उरमात हसला नाही.
तो कान देऊन ऐकत होता, मागच्या रांगेकडे.

मग सायकाल. टपाल वाटायची आमच्याकडे, निवृत्त झालेली.
नमद्याचे बूट घालूनच चढली.
तोंड उघडलं, आणि पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं.
अकरा. दहा. साडेनऊ.
अनारकुलनं माझा दंड घट्ट धरला,
जणू मीच वर उभी होते.
शेवटी सायकाल म्हणाली, दिवे घालवा.

गेले.

म्हणाली, आता आपला एक हातमोजा खाली टाका, आणि शोधा.
चारशे माणसं चाचपडू लागली.
माझ्या हाताला कुणाचातरी हात लागला, खरबरीत, गरम;
दोघांनीही तो जरा उशिराच सोडला.
अंधारातून तिचा आवाज आला:
मी चौतीस वर्षं अशाच जिन्यांनी पत्रं पोचवली.
गावात चारशे बारा जिने. दोनशे साठांत दिवा नाही.
नगरपालिका म्हणते, रहिवाशांचं काम. रहिवासी म्हणतात, नगरपालिकेचं.
एका रात्री पडले, गुडघा फुटला, आणि बसल्या बसल्या वाटलं,
जे कुणाचंच नाही ते माझं असायला काय हरकत आहे?
आजवर एक्क्याण्णव झाले.
संपलं माझं.

दिवे आले तेव्हा घड्याळात चार मिनिटं शिल्लक होती.
ती तशीच वाहून गेली, कुणी टाळी वाजवेना,
मग एकदम वाजल्या.

चहाच्या वेळी पातळ बुटांतला तिच्यापाशी गेला,
हातात तळलेल्या बोरसोकची बशी, बोटं तेलकट.
म्हणाला, याचा विस्तार करायचा तर काय काय लागेल?
सायकालनं विचार केला. अगदी मनापासून केला.
म्हणाली, खुर्ची लागते. जिन्यावर डुगडुगणार नाही अशी.

घरी आले. आमचा जिना: अकरा पायऱ्या, अकरा, मग नऊ.
सात वर्षं मी त्या मोजून चढते,
आणि या मोजण्याला मी आजवर हुशारी समजत होते.
स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर काढली, बल्ब खिशात.
होल्डर गंजून बसलेला. हलेना.
तळमजल्याचा तोक्तोसून, कोळशावरून भांडण झाल्यापासून
माझ्याशी अबोला धरलेला,
त्यानं दार उघडलं, वर पाहिलं, दार लावलं.

बरं, म्हटलं.

दार पुन्हा उघडलं. हातात पक्कड.
बोलला नाहीच. पक्कड माझ्या हातात दिली
आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरून उभा राहिला.

होल्डर अजून निघालेला नाही.