निरंक

मेदेमब्लिकच्या उत्तरेला, पंपघराशी
सकाळी साडेसहाला व्हॅन लावते.
काठी घेते, वही घेते, चालू लागते.
उजवीकडे सरोवर, जे माझ्या आजीच्या लहानपणी समुद्र होतं.
डावीकडे गाव, जे तेव्हा समुद्राचा तळ होतं.
मधे गवताळ बांध,
त्यावर मेंढ्या, आणि मी.

माझं काम भोकं शोधण्याचं.
पाणउंदराचं बीळ, खुरांनी उकललेली माती,
गवतात नको तिथे आलेला ओलावा.
काठी टोचायची, ऐकायचं.
घट्ट माती वेगळी वाजते, पोकळ वेगळी.
हे मला वोब्बेनं शिकवलं,
त्याला कुणी शिकवलं ते त्यानं सांगितलं नाही,
तसा तो काहीच सांगत नसे.
मग वहीत तारीख, खांबाचा क्रमांक, आणि एक शब्द :
निरंक.
अकरा वर्षांत अडीच हजार वेळा तरी लिहिला असेल.

फेब्रुवारीत कार्यालयातून फॉर्म आला.
"या वर्षी तुमच्या कामामुळे काय घडलं?"
खाली चार ओळींची जागा.
मी पेन हातात धरून बसले.
काय घडलं?
पाणी आत आलं नाही.
पण ते तर वारा पडला म्हणूनही आलं नसेल,
मेंढ्यांनी गवत दाबून धरलं म्हणून,
कुणी सांगावं, लेखा विभागातल्या त्या लिंक्येमुळेही.
न घडलेल्या गोष्टीखाली
सही कुणी करायची?
चार ओळी कोऱ्याच पाठवल्या.
कुणाचा फोन आला नाही.

मग जूनमधला तो मंगळवार.
व्हॅनमधून उतरलेच नाही.
डबा उघडला, चीज-पाव खाल्ला,
तासभर वायपरकडे बघत बसले.
वायपर बंद होते.
आणि वहीत लिहिलं : खांब सतरा ते तेवीस, निरंक.
कुणाला कळलं नाही, हे वाईट.
रात्री गाढ झोप लागली,
हे त्याहून वाईट.

बुधवारी चालले, नुसते पाय.
गुरुवारी पायसुद्धा कुणा दुसऱ्याचे.
शुक्रवारी बांध उतरले, कारण लघवीला लागली होती
(बांधावर आडोसा नसतो,
वोब्बेच्या शिकवणीत हे कुठेच नव्हतं),
कोपऱ्यावरच्या घराची बेल दाबली.
एक म्हातारी. दारावर नाव, फोकेल्त्ये.
"मीटर बघायला आलात?"
मी हो म्हटलं.
तिनं संडासाचं दार दाखवलं, जणू मीटर तिथेच असतो.

निघाले मागच्या अंगणातून.
दोरीवर चादरी वाळत होत्या,
एका पिवळीला कोपऱ्यात निळं ठिगळ,
टाके मोठे, नजर गेलेल्या माणसाचे.
बांध चढले, दम घ्यायला थांबले,
सहज मागे पाहिलं, मग पुढे.
पुन्हा मागे.

पाणी त्या दोरीहून वर होतं.
चांगलं पुरुषभर वर.

नकाशावर हे मला माहीत होतं,
परीक्षेत लिहून मी पास झाले होते,
पण चादरींवरून कधी मोजलं नव्हतं.
म्हातारी बाहेर आली.
पिवळीचा काठ चिमटीत धरला, दमट लागला असावा,
उलटी करून पुन्हा घातली.
पाण्याच्या बाजूला तिनं मान वर केली नाही.
ती करावी लागू नये,
बहुधा एवढ्याचाच पगार मिळतो मला.

मग परत गेले सतरा नंबरच्या खांबाशी.
तेवीसपर्यंत टोचत टोचत गेले.
घट्ट. घट्ट. एक मेंढी अंगावर खोकली. घट्ट.
वहीतलं मंगळवारचं पान उघडलं,
निरंक खोडलं,
बाजूला लिहिलं : पाहिलं नव्हतं.
खाली शुक्रवारची तारीख घातली.

ती चादर मला ऑक्टोबरपर्यंत पुरेल.
वादळांच्या दिवसांत तर काही लागतच नाही,
भीती पुरते.
मग पुन्हा जून येईल,
पुन्हा चीज-पाव, पुन्हा वायपर.
तेव्हा काय, माहीत नाही.
कदाचित मीटर बघायला जाईन.

आज :
खांब सतरा ते तेवीस.
निरंक.