आप्पांचा तळहात

शमीमआपा म्हणाल्या, आधी हातावर नको.
आधी ताटावर.
उपडं घातलेलं स्टीलचं ताट,
त्यावर रेघ. पुसायची. पुन्हा रेघ.
आठ दिवस मी रेघाच मारत बसलो.
(आमच्याकडं बायकाही ‘बसलो’च म्हणतात,
पुण्याच्या वहिनी हसल्या तर हसू देत.)

मेंदी लक्ष्मीपुरीतनं आणली, पाव किलो,
जुन्या ओढणीतनं तीनदा गाळली,
लिंबू, साखर, निलगिरीचे बारा थेंब.
रात्री भिजवून झाकून ठेवली
तर घरभर असा वास
की चामड्याचा वास पहिल्यांदाच मागं सरला.
आप्पा दुकानातनं आले, उंबऱ्यातच थांबले.
“कुणाच्या घरात शिरलो म्हणायचं मी?”

नवव्या दिवशी कोन हातात फुटला.
दहाव्या दिवशी टोक जास्त कापलं,
रेघ काढाय गेलो, गांडूळ निघालं.
आपा म्हणाल्या, दाबतीस कशाला?
गंगावेशीत म्हशी पिळताना बघितलंस न्हवं?
हिसका दिलास तर लाथ,
नीट धरलंस तर धार.

फूल जमेना.
पाकळ्या पाच ठरवायच्या,
सहावी आपल्या मनानं येऊन बसायची.
मोर काढला.
भाचा म्हणाला, “मावशी, कोंबडी एक नंबर.”

माझा डावा हात भरून गेला,
कालच्या रंगावर आजचा, त्यावर परवाचा.
शेजारणी हात देईनात,
म्हणाल्या, शिकून झाल्यावर सांग.
तेव्हा लाईट गेलेल्या एका संध्याकाळी
आप्पांनी बॅटरी उशीला टेकवली
आणि हात पुढं केला.
“ह्यावर काढ.
बिघडायला उरलंय काय त्यात?”

चव्वेचाळीस वर्षं आरी धरलेला हात.
रापीची जुनी खूण अंगठ्याखालनं मनगटापर्यंत,
बोटांच्या बुडाशी घट्टे,
ज्योतिषाला सापडली नसती अशी आयुष्याची रेषा.
मोर नको वाटला.
काय काढायचं ते ठरवायच्या आधी
कोनच चालाय लागला:
एका वादीखालनं दुसरी, दुसरीवरनं तिसरी,
वेणी.
कडेनं ठिपके, आरीच्या भोकांगत,
सारख्या अंतरावर.
लहानपणापासनं बघत आलेलं,
कधी नक्षी म्हणून न बघितलेलं.
आप्पांनी चष्मा चढवला.
बराच वेळ बघून म्हणाले,
“हितं एक भोक चुकलंय.”

सकाळी खरवडून काढली.
माझ्या हातावर फिकट नारिंगी,
चहा सांडल्यागत.
आप्पांच्या घट्ट्यांवर
पिकल्या जांभळाचा रंग.
आपांनी त्यांचा हात उलटा-सुलटा केला,
म्हणाल्या, जाड कातडीच रंग धरते, बाई.
मऊ हातावर चार दिवसांत पुसट.
त्या आठवड्यात चप्पल लाईनला
आप्पा सुट्टे पैसे डाव्या हातानं देत होते.
कुणी विचारलं तर म्हणायचे, भाजलंय.

पहिली गिऱ्हाईक राजारामपुरीची,
मृणाल, चुलतबहिणीचं लग्न.
तिच्या दोन्ही हातांवर वेणी विणली,
मनगटाला गोंडा सोडला.
मान मोडून आली, पण रेघ हलली नाही.
ती म्हणाली, “किती वेगळं! राजस्थानी का?”
म्हटलं, न्हाई. सुभाषनगर.
चपलेवरची हाय नक्षी.
तिनं हात मागं घेतला नाही.
घेईल असं
मला का वाटलं होतं, कुणास ठाऊक.

निघताना दोन्ही हात तिचे ओले.
दारात नवी कोल्हापुरी,
अंगठा शिरेना पायात.
मी वाकलो, सवयीनं.
“अहो काकू, नको, पायाला नको,”
म्हणत तिनं पाय वर उचलला,
एका पायावर डुगडुगली,
भिंतीला हात टेकणार एवढ्यात ओरडलो,
मेंदी!
घोटा धरला, अंगठा सरकवला.
ताठ हाय अजून, म्हटलं,
दोन दिवस घरात घालून हिंड,
पायाची होईल.