उलटी अक्षरं

माझा बाप, थिओडोर क्वेल, बंदुकीवर नाव कोरत नसे,
नाव ठोकायचा ठसा कोरत असे.
ठशात अक्षरं उलटी.
सात वर्षांची होईतो मला वाटे,
मोठ्या माणसांची लिपी आरशातच राहते.

पहिला ठसा : हॅझलटाइन बंधू.
दोन भाऊ, एक भट्टी, ओढ्यावर फिरणारं एक चाक.
लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून
गजाभोवती गुंडाळायच्या,
की नळीवर लाटांची नक्षी आपसूक उमटे.
थोरल्याला बदकांपलीकडे काही कळत नव्हतं,
धाकट्याला बदकं सोडून सगळं.

थोरला दलदलीतून ताप घेऊन आला, गेला.
धाकटा म्हणाला, आता टायपरायटर.
पत्र छऱ्यांपेक्षा लांब जातं.

दुसरा ठसा : हॅझलटाइन-ब्रॉगन.
ब्रॉगनला नक्षी नको होती.
बिनधुराची दारू आली होती,
पिळलेल्या नळ्या फाटतात अशी बोलवा होती,
आणि बोलवा वखारीपेक्षा मोठी असते.
पाच वर्षांत जोडरेघ गळाली.
तिसरा ठसा नुसता ब्रॉगन.
बापाला तीन दिवस पुरले. मजुरी तीन दिवसांचीच.

मग मंदी.
काडतूसवाल्या बड्या कंपनीने आम्हाला घेतलं.
त्याला ते लग्न म्हणाले.
हुंड्यात गेल्या अकरा लेथ, अक्रोडाचे वाळत घातलेले ओंडके,
चौदा माणसं, आणि बरंचसं कर्ज.
मी तेव्हा हिशेबखात्यात होते; यादी मीच टंकली,
धाकट्या हॅझलटाइनच्याच यंत्रावर.
माणसं ओंडक्यांच्या खाली आली.

वर्षभर मिसळीच्या बंदुका निघाल्या :
कुंदा ब्रॉगनचा, खटका हॅझलटाइनचा,
नाव तिसऱ्याचंच.
गिऱ्हाइकांनी काही विचारलं नाही.
तितर तर त्याहून विचारत नाहीत.

हुकूम आला, जुने ठसे वितळवा.
बापाने दोन वितळवले.
पहिला डब्यात, उकडलेल्या बटाट्याखाली, घरी आला.

नोव्हेंबरात आईने भोपळ्याच्या पायची कड
काट्याने दाबायची सोडून त्या ठशाने दाबली.
भाजल्यावर कणकेत नाव सुलट आलं,
गोल फिरत, स्वतःलाच धडकत :
हॅझलटाइन बंधू हॅझलटाइन बंधू हॅझल

बापाने चष्मा पुसला.
म्हणाला, टी जरा बसका आलाय.
माझ्या भावाने तेवढ्यात
थोरला भाऊ खाऊन टाकला होता.