वजा तीन

शेळके सर निवृत्त झाले. त्यांची शिट्टी
ऑफिसातल्या खिळ्यावर दोन वर्षं लटकली.
वेळापत्रकात 'शा. शि.' तसंच राहिलं,
त्या तासाला गणितवाले अपूर्णांक घेत.
मग जूनमध्ये मुख्याध्यापक म्हणाले,
मॅडम, विज्ञान तुमच्याकडे आहेच,
शरीरही तुम्हीच घ्या.

शिट्टी मी पाण्यात उकळली.
पहिल्यांदा फुंकली तर नुसती हवा आली
आणि कडुनिंबाखालची आठवी ब हसली.
बी.एड.ला मला कुणी पळायला शिकवलं नव्हतं.

पुस्तकात संतुलित आहार. आकृतीत सफरचंद.
फळ्यावर मी त्याजागी अंबाडी काढली, बोरं काढली.
मोहफूल काढावं की नाही
यावर घंटा होईपर्यंत वाद चालला.

बुधवारी लोहाची गोळी.
मळमळते म्हणून मुली ती जिभेखाली धरतात
आणि बोरीच्या कुंपणापाशी थुंकतात.
त्या बोरीचं हिमोग्लोबिन
यंदा बारा तरी भरेल.

वजनकाटा अंगणवाडीतून उसना.
रिकामा असला तरी तीन दाखवतो.
प्रत्येकीच्या आकड्यातून मी तीन वजा करते.
आचल टेकाम, एकतीस.
मी अठ्ठावीस लिहिलं. ती उतरेचना.
'मॅडम, थे तीन किलो कोनाचे हायेत जी?'
कुणाचेच नाहीत गं, काट्याची चूक आहे.
'कोनाचेच नाही त मले राहू द्या.'
मी पेनाला टोपण लावलं.
पुन्हा काढलं.

सातव्या प्रकरणाला आधीच कुणीतरी पिना मारलेल्या.
वर्गासमोर मी त्या नखानं काढल्या, एकेक.
मुलं खिडकीबाहेर बघत होती, मुली बाकाखाली.
आचल म्हणाली, 'हे आमाले म्हाईत हाये.
त्या दिवसाईत खेलता येते का, थे सांगा.'

येतं, मी म्हटलं.
आणि मग मैदानावर जाणं भागच होतं.

चुना नव्हता. खिचडीच्या चुलीची राख
सिंधूबाईंनी घमेलंभर दिली.
आट्यापाट्याच्या नऊ पाट्या मी आखल्या, वाकड्या.
'अशी नसते जी सूरपाटी,' म्हणत
त्यांनी पायानंच ती पुसली, सरळ ओढली,
पदर खोचून तिच्यावर उभ्या राहिल्या
हातातल्या सराट्यासकट.
चाळीस वर्षांपूर्वी त्यांना कुणी ओलांडलं नव्हतं म्हणे.
आचलनं डावीकडे झुकांडी दिली
आणि उजवीकडून गेली,
ओढणी कमरेला, चप्पल मागेच.
सराटा हवेत राहिला.
भात खाली लागला त्या दिवशी. सगळ्यांनी खाल्ला.

पाचनंतर, कुणी नाही बघून, मी काट्यावर चढले.
अडुसष्ट.
दारात आचल, पिंढऱ्यांपर्यंत राख.
'वजा तीन, मॅडम,' ती म्हणाली.
'तुमचे तरी द्या मले.'
आणि पळाली.
रजिस्टरात माझ्यासाठी रकाना नव्हता,
मी आकडा तळहातावर लिहिला.