तीन डॉलर चाळीस सेंट

आधी घंटा दुरुस्त केली एमिलने.
छप्पर गळत होतं, खिडक्यांना पुठ्ठे होते,
पण ऐंशीच्या घरातला हा क्रातोख्विलांचा एमिल
काळी रबरी नळी पंपासमोर आडवी टाकून
तिच्यावर स्वतःच उड्या मारत होता:
टिंग. टिंग.
शेजारच्या कुत्र्याखेरीज कुणी दखल घेतली नाही.

मी आले ती रंग खरवडायला.
निवृत्त बाईला नेब्रास्कातल्या या गावात दुसरं काम काय?
हमरस्ता आठ मैल दक्षिणेला सरकला त्याला चाळीस वर्षं झाली,
आता इथून मक्याचे ट्रक जातात, तेही न थांबता.
पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल,
लालच्या खाली एक पिवळा, जो एमिललाही आठवेना.
पत्र्याच्या पाटीला छऱ्यांची भोकं.
बुजवू नकोस, म्हणाला. त्यातली दोन माझी आहेत.

मला तो आठवतो मागच्या सीटवरून.
सतरा वर्षांचा, डोक्यावर टोपी, गळ्याला काळा बो.
बाबा काच चार बोटं खाली करून म्हणायचे, "भर पूर्ण,"
आणि तो समोरच्या काचेवर फेस फासायचा.
क्षणभर आम्ही सगळे आतल्या आत बुडायचो.
मग रबराची पट्टी, वरून खाली, एका दमात,
आणि त्या ओल्या पट्ट्यात त्याचा चेहरा,
मला जीभ दाखवणारा.
तेल, पाणी, चाकांची हवा. न मागता.
संडासाची किल्ली मात्र मागावी लागायची,
हातभर लाकडी ठोकळ्याला बांधलेली.
ती घेऊन जाताना सगळं गाव बघतंय असं वाटायचं.

गल्ल्यामागचा पत्रा उचकटला तेव्हा
भिंतीवर पेन्सिलीचे आकडे निघाले.
नावं, गॅलन, तारखा.
एमिलच्या बापाचं उधारीचं खातं.
प्रत्येक ओळीवर आडवी रेघ: फिटलं, फिटलं, फिटलं.
एक ओळ सोडून.
आर्विड सँडाल. ऑक्टोबर एकसष्ट. तीन डॉलर चाळीस.

माझ्या बापाने जन्मात कुणाचा छदाम ठेवला नव्हता.
त्याच्या शवपेटीशेजारी उभं राहून पाद्रीसुद्धा हेच म्हणाला होता.
एकसष्ट म्हणजे गारांचं वर्ष. सगळं बीट गेलं.
आणि बाबा म्हणत राहिले, "भर पूर्ण."
त्याच आवाजात.

एमिल बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
"रेघ मारायची राहिली असेल," म्हणाला,
"आमचा म्हातारा विसरायचा."
मग, खोटं नीट जमलं नाही हे कळून:
"एवढा चौकोन सोड. बाकी भिंत रंगव."

शनिवारी मी माझी गाडी नळीवरून नेली.
टिंग टिंग.
जमिनीतल्या टाक्या केव्हाच उपसून नेल्यात, खड्ड्यात वाळू आहे,
पंपाच्या काचगोळ्यात नुसता दिवा.
तरी तो बाहेर आला, टोपी घालून, गुडघा आखडत.
मी काच चार बोटं खाली केली.
म्हणायचे होते ते दोन शब्द, पण आवाज फुटला नाही.
फेस. अंधार. पट्टी.
दोनदा अडकली, हात कापतो त्याचा.
चेहरा दिसला. जीभ नाही दाखवली.

मी चार डॉलर पुढे केले.
कमरेच्या नाणेपट्ट्यातून त्याने साठ सेंट काढले
आणि माझ्या तळव्यावर मोजले, एकेक.
राहू दे म्हणाला असता तर मी भांडले असते.

"तेल बघू?"
कालच बदललंय, हे तोंडावर आलं होतं.
म्हटलं, बघ.
त्याने बॉनेट उचललं
आणि त्याच्यामागे बराच वेळ दिसेनासा झाला.